निकोलस सरांचा पाला

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. दसरा. सकाळी १०.४०

विमा कंपनीची गेल्या वर्षीची डायरी सापडली. पानं कोरी आहेत, वार जुळत नाहीत, ते खोडून लिहीन. रिटायर झाल्यावर मन शांत ठेवायला रोज लिहावं म्हणतात. माझं मन शांतच आहे. तरी नोंद असलेली बरी.

आज गेटवर निकोलस सर आले होते. दर गुरुवारी नंदाखालहून स्कूटरवर येतात. वाडीतली केळी, भाजी, आज झेंडू. सोसायटीतली सात-आठ घरं ठरलेली आहेत. वय अडुसष्ट, डोक्यावर केस सगळेच्या सगळे. माझी बायको विनया ज्या शाळेत शिकवते तिथे गणित शिकवायचे, म्हणून आता अर्ध्या बोळिंजचे ते 'सर'. मी तेहतीस वर्षं नोकरी केली. मला 'साहेब' फक्त शिपाई म्हणायचा, तोही रजा हवी असली की.

विनया खाली गेली. मी बाल्कनीत होतो. (टॉवेल वाळत घालत होतो. पाळत वगैरे काही नाही.) पहिला मजला असल्याने सगळं ऐकू येतं. सरांनी तिच्या हातात केळीच्या पानात बांधलेलं पुडकं दिलं. तिने घेतलं. पैसे दिले नाहीत. थँक्यूही म्हणाली नाही.

ही बाई लिफ्टचं बटण दाबणाऱ्याला थँक्यू म्हणते. मी मिठाची बरणी पुढे सरकवली तरी म्हणते. आणि इथे नुसती हसून वर आली!

सायं. ७.१५

सहज विचारलं. पुडक्यात कारल्याचा पाला होता. तिच्या तळपायांची आग होते, सहा महिने झाले. वाटून रस चोळला की थंड वाटतं म्हणे.

तळपायांसाठी मी मार्चमध्येच मसाज मशीन आणलं होतं. ते सोफ्याशेजारी आहे. त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवलेले असतात.

पाल्याचं मला काही नाही. प्रश्न थँक्यूचा आहे. जिथे फार आपलेपणा असतो तिथेच माणूस आभार मानत नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

दिवसभर रिसर्च. कारल्याच्या पाल्याचे उपयोग: तळपायांची आग, जंत, खाज, साखर, तोंड येणं, केस गळणं. अकरा वेबसाइट पाहिल्या. अकराही ठिकाणी तेच लिहिलंय, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. म्हणजे माहिती पक्की.

निर्णय: या सोसायटीत पाल्याचा माणूस एकच असेल आणि तो 'बी' विंगच्या पहिल्या मजल्यावर राहत असेल.

'आरोग्य कट्टा' या ग्रुपचा अॅडमिन मीच आहे. सगळे उपयोग टाकले. तीन अंगठे आले. त्यातला एक विनयाच्या फोनवरून मीच दिला. सेक्रेटरी सुरुचीने विचारलं, काका, निकोलस सरांना विचारून टाकलंय ना?

फोन बंद करून दूध प्यायलो.

५ ऑक्टोबर, रविवार. दुपारी १.३०

नंदाखालला जाऊन आलो. निमित्त केळ्यांचं.

सर नुकतेच चर्चमधून, रविवारच्या मिसाहून आले होते. बाहेरचे कपडे बदलून, अनवाणी, कारल्याच्या मांडवाखाली उभे. काही कारण नसताना शीळ घालत होते. या वयात शीळ! त्यांच्या मिसेस इनेझबाई, त्याही विनयाच्याच शाळेतल्या. त्यांनी चहा दिला, बसायला खुर्ची दिली. मग दोघं त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी बोलून हसले. मला एक शब्द कळला नाही. विषय मीच असणार.

ओटीवर दोन सुपांत बिया वाळत होत्या. दाराजवळच्या सुपातल्या पाच बिया रुमालात आल्या. चोरी नाही म्हणता येणार. सॅम्पल.

निघताना सरांनी पाल्याचं पुडकं दिलं, बाईंना द्या म्हणाले. मी ठरवूनच आलो होतो. छातीवर हात ठेवून मोठ्याने म्हटलं, थँक्यू सो मच सर, फार उपकार झाले.

सरांचा चेहरा पडला. त्यांनी पुडकं माझ्या हातातून परत घेतलं, गोठ्यात नेऊन गायीपुढे टाकलं आणि मांडवाखाली जाऊन नव्याने पाला खुडू लागले. म्हणाले, जयवंतराव, पाल्याचे आभार मानायचे नसतात. पैसे द्यायचे नसतात. गुण जातो. मी गणिताचा मास्तर, माझा काही विश्वास नाही. पण माझ्या आईने तुम्हाला आज वाडीबाहेर काढलं असतं. बाईंना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय, त्या बरोब्बर पाळतात.

आणखीही बरंच बोलले, पाल्याने नुसता थंडावा येतो, कारण शोधायला रक्त तपासून घ्या, असं काहीतरी. माझं लक्ष नव्हतं. मी फार आनंदात होतो. म्हणून थँक्यू नाही! रीत आहे रीत! नंदाखाल ते बोळिंज, गाणं म्हणत आलो.

दुपारी ४.००

झोप लागत नाही.

नवा विचार आला. गुण येणार असेल तर ती थँक्यू म्हणत नाही. मग मसाज मशीन आणलं तेव्हा ती मला तीनदा थँक्यू म्हणाली होती. डिंकाचे लाडू आणले तेव्हा दोनदा. पायाखाली घ्यायची ती काट्यांची चटई आणली तेव्हा तर चटई उघडायच्या आधीच.

एकतीस वर्षं ही बाई माझे आभार मानते आहे.

संकल्प: माझ्या हातचा, माझ्या वेलाचा पाला तिच्या पायाला लागेल आणि ती एक अक्षर बोलणार नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

रंगाच्या रिकाम्या बादलीला भोकं पाडली. माती, शेणखत. पाच बिया लावल्या. काळ्या, चपट्या, तुकतुकीत. विनयाला सांगितलं, शोभेचं झाड आहे. ती म्हणाली, अरे वा.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सर आले. पुडकं. ती बोलली नाही. मग इनेझबाईंबरोबर कुठेतरी गेली, दोन तासांनी आली. दंडावर गोल बँडेडसारखं काहीतरी होतं. मी विचारलं नाही. मी बादलीत पाहत होतो. दोन अंकुर!

२० ऑक्टोबर, सोमवार. नरक चतुर्दशी. पहाटे

आंघोळीआधी पायाच्या अंगठ्याने कारीट, ते छोटं कडू फळ, फोडलं. आमच्या रत्नागिरीकडची रीत. नरकासुराचं नाव घ्यायचं असतं. मी घेतलं. मनात कोण होतं ते मला माहीत. कारीट उडून शेजारच्या दारापर्यंत गेलं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

वेल दीड हात. इंटरनेटवरच्या फोटोत कारल्याचं पान कात्रीने कातरल्यासारखं दिसतं, माझं जरा रुंद आणि भरलेलं. मातीचा फरक. शिवाय वाडीतल्या झाडाला काय, तिथे शीळ ऐकावी लागते. इथे मी रोज सकाळी वेलाशेजारी बसून पेपर वाचतो.

सरांनी आज विनयाला विचारलं म्हणे, पाय कसे आहेत. ती म्हणाली, खूपच बरे. मला तिने गेल्या महिन्यात असं काही सांगितल्याचं आठवत नाही. मी विचारलं नव्हतं, हा मुद्दा वेगळा.

८ नोव्हेंबर, शनिवार

वेल ग्रिल धरून दुसऱ्या मजल्यावर कौस्तुभच्या खिडकीत पोहोचला. कौस्तुभ आयटीत आहे, घरून काम करतो, डोकं विरळ होत चाललंय. त्याला पाल्याचा केसांवरचा उपयोग समजावून सांगितला. तो म्हणाला, काका, मीटिंग चालू आहे.

स्वतःवर प्रयोग. सात पानांचा अर्धा कप रस, रिकाम्या पोटी.

चव: कडू. म्हणजे फार कडू नाही. उंची वस्तूत कडूपणा कमी असतो.

दुपारी २.००

चार वेळा जाऊन आलो. पोट साफ करण्याचा गुण अकरा वेबसाइटपैकी कुणालाच माहीत नव्हता. ही माझी भर. रस पुन्हा घेणार नाही, प्रयोग एकदाच करायचा असतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

पिवळी फुलं आली! संध्याकाळी उमलतात. नेटवर सकाळी उमलतात असं लिहिलंय. माझा वेल रिटायर माणसाच्या वेळा पाळतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ११.२०

आज केलं.

सर पुडकं देऊन गेले. विनयाने ते फ्रिजमध्ये भाजीच्या खणात ठेवलं आणि शाळेत गेली. मी पुडकं सोडलं, सरांचा पाला काढला, माझा भरला, तसंच बांधलं. गाठ जमायला पंधरा मिनिटं लागली, सर गाठही गणितासारखी मारतात. माझी पानं आकाराने मोठी आणि खरखरीत. शेजारी ठेवल्यावर सरांची पानं अगदी मलूल दिसली.

सरांचा पाला कचऱ्यात टाकताना वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

सायं. ६.००

तिने पाला बाहेर काढला. पुडक्याकडे जरा वेळ पाहत राहिली. वाटला. लावला. मी सोफ्यावर पेपर उलटा धरून बसलो होतो.

एक शब्द बोलली नाही!

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मुद्दाम विचारलं, पायांची आग कशी आहे? म्हणाली, आठ दिवस अजिबात नाही.

अजिबात. नाही. सरांच्या पाल्याने 'खूपच बरे'. माझ्या पाल्याने 'अजिबात नाही'. फरक कुणालाही कळेल. पाला पुन्हा बदलला. गाठ आता तीन मिनिटांत जमते.

सरांना गेटवर भेटून त्यांच्या तब्येतीची चौकशी केली. मोठ्या मनाने. त्यांनी पाठीवर थाप मारली. हात जड आहे.

४ डिसेंबर, गुरुवार

ग्रुपवर जाहीर केलं: बी/१०३च्या बाल्कनीत गुणकारी पाला उपलब्ध, विनामूल्य, अनुभव घेतलेला रुग्ण घरातच. रुग्णाचं नाव गुप्त ठेवलं. विनयाच्या फोनवर हा ग्रुप म्यूट असतो.

सुरुची आली, तिच्या सासूबाईंचे तळपाय. पाला दिला. थँक्यू काका, म्हणाली. मी लगेच पाला परत घेतला आणि खिडकीबाहेर टाकला. नवा खुडला. आभार मानायचे नसतात, गुण जातो, असं शांतपणे सांगितलं. तिने घाबरून सॉरी म्हटलं. सॉरीचं काय करायचं ते सरांनी सांगितलेलं नाही. चालवून घेतलं.

खाली वॉचमनने तक्रार केली, वरून पाला कोण टाकतं म्हणून.

११ डिसेंबर, गुरुवार. दुपारी ३.१०

कात्री शोधत होतो. विनयाच्या कपाटात, साड्यांखाली, लॅबचा रिपोर्ट. तारीख ९ ऑक्टोबर. व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्ह फार कमी. खाली डॉक्टरांची चिठ्ठी: इंजेक्शनांचा कोर्स, नंतर गोळ्या. गोळ्यांची पाकिटं. अर्धी संपलेली.

म्हणजे त्या दिवशी इनेझबाई तिला घेऊन गेल्या त्या यासाठी. रक्त तपासून घ्या असं सर मलाही वाडीत म्हणाले होते, त्यांनीच मागे लागून पाठवलं असणार.

ती शाळेतून आली. विचारलं, मला का नाही सांगितलंस?

चपला काढता काढता म्हणाली, तुम्ही ग्रुपवर टाकलं असतं.

मला खूप राग आला. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती माझी गेली, आणि त्या आगीवर कुठल्याही वेबसाइटवर पाला नाही. बाल्कनीत जाऊन बसलो. बायकोचं रक्त कमी पडतं, हे नंदाखालच्या माणसाला दिसतं. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला दिसत नाही. मी तिचे पाय शेवटचे कधी पाहिले? मशीन आणलं त्या दिवशीही मी पाहिलं ते मशीन.

सायं. ७.४०

सकाळी चहा नीट न झाल्याने तसं वाटलं असेल. आता नीट विचार केला. इंजेक्शन रक्तात जातं, मान्य. पण पायापर्यंत कोण पोहोचवतं? आग पूर्ण थांबली ती २० नोव्हेंबरनंतर. तेव्हापासून पाला कुणाचा? गोळीने मदत केली. मी गोळीचं श्रेय नाकारत नाही.

आणि ती अजूनही थँक्यू म्हणालेली नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

वेलाला फळ! लांबट, हिरवं, अंगावर उभ्या ठळक शिरा. कारल्याला खवले असतात, याला धारा आहेत. सुधारित जात असावी. फोटो ग्रुपवर टाकला, 'बाल्कनीतलं कारलं'. कौस्तुभने हसण्याची चिन्हं टाकली, मग डिलीट केली. केस गळायला लागले की माणूस चिडका होतो.

२८ डिसेंबर, रविवार. सायं. ७.३०

सगळं क्रमाने लिहितो.

चार वाजता सर आणि इनेझबाई आले, नाताळचा डबा घेऊन. नेवऱ्या, म्हणजे त्यांच्या करंज्या, आणि केक. सरांनी कोट घातला होता, चांगला दिसत होता. मी चहा ठेवायला आत गेलो. बाहेर आलो तर सर बाल्कनीत.

फळ हातात तोलून म्हणाले, जयवंतराव, झकास! बादलीत एवढा दोडका मी नाही पाहिला कुणाचा.

मी म्हटलं, कारलं.

सर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. मास्तर आहेत, चुकलेल्या मुलाकडे पाहतात तसं पाहिलं आणि म्हणाले, पान बघा, रुंद आहे. फूल संध्याकाळी उमलतं ना? दोडकाच. पण वाढवलाय छान.

इनेझबाई पुढे झाल्या. वाकून शिरा पाहिल्या. म्हणाल्या, अगो बाई, हे तर आमचंच गावठी बी. सुपातल्या पाच बिया कमी झाल्या होत्या, मी खारीला बोलत बसले.

मग विनया म्हणाली, केक कापूया का. सर जाताना पुन्हा पाठीवर थाप मारून गेले. या वेळी हळू मारली.

दार लावलं. मी विनयाला सगळं सांगितलं. बिया, फ्रिज, पुडकी, गाठ. पाच गुरुवार तुझ्या पायाला दोडका लावला, म्हटलं.

ती म्हणाली, माहीत आहे. पहिल्याच गुरुवारी कळलं. वाटताना वास येतो ना. एकतीस वर्षं दोडक्याची भाजी करते मी.

मी विचारलं, मग का लावलास?

म्हणाली, तुम्ही रोज सकाळी त्या बादलीपाशी बसता. लग्न झाल्यापासून एवढं कशापाशी बसलेलं पाहिलं नव्हतं मी तुम्हाला.

मग मसाज मशीनवरचे इस्त्रीचे कपडे उचलून पलंगावर ठेवले, मशीनवर पाय टेकवले आणि म्हणाली, लावा. आज तुम्ही लावा.

मी म्हटलं, दोडका आहे. ती म्हणाली, लावा हो.

पाला वाटला. माझ्या हाताने, पहिल्यांदा. तिची टाच भेगाळलेली आहे. डाव्या पायाच्या करंगळीशेजारी जुना व्रण आहे, तो कधीचा ते मला माहीत नाही. विचारलं. म्हणाली, नव्याण्णव साली, गॅसचा सिलिंडर. मी घरीच होतो म्हणे.

दोन्ही तळपायांना रस चोळला. मन लावून चोळला. पोटऱ्यांपर्यंत हिरवं झालं. पंधरा मिनिटं ती डोळे मिटून बसली होती. मी जमिनीवर. मनात एकच होतं. हे दोडक्याचं आहे, गोळ्या चालू आहेत, आग तर महिनाभर नाही, सगळं कबूल. पण रीत ती रीत. ती आत्ता गप्प राहिली तर मी जिंकलो.

ती उठली. काही बोलली नाही. बाथरूममध्ये गेली, पाय धुतले. काही बोलली नाही. टॉवेलने पुसले. स्वयंपाकघरात गेली, कुकर लावला. मी डायरी उघडली. अर्धा तास झाला, एक अक्षर नाही!

आत्ता बाहेर आली. माझ्या डोक्यावर हात ठेवला. थँक्यू हं, म्हणाली.

तीनदा म्हणाली.